पीटी-३ अर्ज आणि मिळकतकरातली ४० टक्के सवलत: पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांसाठी माझा अनुभव

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे सांगते. हा रिव्ह्यू पुणे महापालिकेच्या पीटी-३ अर्जाचा आहे (आपल्या घरात आपणच राहतो असं लिहून देऊन मिळकतकरात सवलत घ्यायचा अर्ज) आणि ज्यांचं पुण्यात स्वतःचं घर आहे आणि ते स्वतःच त्यात राहतात त्या सगळ्यांनी वाचावा असं मनापासून वाटतं, कारण आमच्या सोसायटीत विचारलं तर निम्म्या लोकांना हा अर्ज असतो हेच माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं म्हणजे दरवर्षी पाच-सहा हजार रुपये जास्तीचे भरत होते.

आमचा फ्लॅट सिंहगड रोडला, वडगाव बुद्रुकला. २०२० मध्ये ताबा घेतला, त्याच वर्षी मिळकतकराची नोंद झाली, बिल यायला लागलं, साधारण पंधरा हजार. आम्ही भरत होतो. पहिलंच घर, आधी कधी मिळकतकर भरलेलाच नाही, तर एवढंच असतं असं वाटायचं. आई-बाबांचा फ्लॅट सदाशिव पेठेत, जुना, आणि त्यांचं बिल ऑनलाइन भरून द्यायचं काम माझ्याकडे. एकदा त्यांच्याकडे जेवायला गेले होते तेव्हा दोन्ही बिलं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, बाबांनी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचलं, सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशामक कर, वृक्ष कर, जललाभ कर, जलनिःसारण कर, शिक्षण कर, सगळं, आणि म्हणाले, "अगं, तुझ्या बिलात स्वतः राहण्याची सवलत लागलेलीच दिसत नाही." मला कळेचना कसली सवलत. ते आयुष्यभर भरत आलेत त्यामुळे त्यांना हे पाठ आहे.

तर हे काय आहे ते आधी सांगते कारण व्हॉट्सअॅपवर याबद्दल फार गोंधळ फिरतो.

पुण्यात मिळकतकर हा घराच्या बाजारभावावर लागत नाही, तुमचं घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल असं महापालिका तिच्या दराने ठरवते, त्यावर लागतो. ते भाडं प्रत्यक्षातल्या भाड्यापेक्षा बरंच कमी धरलेलं असतं. त्यातून घराच्या देखभालीचे १० टक्के वजा करतात आणि जी रक्कम उरते ती वार्षिक करपात्र रक्कम, बिलावर छापलेलीच असते. आता तुम्ही त्या घरात स्वतः राहत असाल तर त्या रकमेत ४० टक्के सवलत, म्हणजे ६० टक्केच धरायची. आकड्यात सांगते. समजा महिन्याचं भाडं ३,००० धरलं, वर्षाचे झाले ३६,०००, १० टक्के गेले की ३२,४००, आणि स्वतः राहता म्हणून त्याचे ६० टक्के म्हणजे १९,४४०. बहुतेक कर याच रकमेच्या टक्क्यात असल्यामुळे बिलही जवळपास त्याच मापात खाली येतं. आमचं पंधरा हजारांचं बिल नऊच्या आसपास आलं ते असं.

ही सवलत आजकालची नाहीये. महापालिकेने १९७० मध्ये ठराव करून दिली आणि पुणेकरांना ती जवळजवळ पन्नास वर्षं मिळत राहिली. मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की कायद्यात अशी तरतूद नाही, आणि राज्य शासनाने २०१९ मध्ये तो ठराव रद्द केला. म्हणून १ एप्रिल २०१९ नंतर ज्या घरांची नव्याने नोंद झाली त्यांना सवलत लागलीच नाही, आणि काही जुन्या घरांचीही काढली गेली, फरकाची बिलं आली. लोकांचा केवढा संताप झाला होता ते पुण्यात राहणाऱ्यांना आठवत असेल. २०२३ च्या फेब्रुवारीत कसब्याच्या पोटनिवडणुकीतही हा विषय गाजला. त्यानंतर मार्च-एप्रिलमध्ये राज्य सरकारने सवलत परत दिली, तीसुद्धा मागच्या तारखेपासून. देखभालीचे मात्र पूर्वी १५ टक्के वजा व्हायचे ते कायद्याप्रमाणे १० वर आणले, म्हणून बाबांचं बिल त्या वर्षी थोडं चढलं. ते मला तेव्हा कळलं नव्हतं, मी उगाच काहीतरी चुकलंय म्हणून दोनदा बिल तपासलं होतं.

आता महत्त्वाचं. सवलत परत आली पण ज्यांना ती लागलेली नव्हती किंवा काढलेली होती त्यांना आपोआप लागली नाही. त्यांनी पीटी-३ नावाचा अर्ज भरून द्यायचा, की मी या घरात स्वतः राहतो. ज्यांची आधीपासून चालू होती, काढली गेलीच नव्हती, त्यांना काहीच करायची गरज नाही, म्हणजे आई-बाबांना नाही. अर्जाला सुरुवातीला १५ नोव्हेंबर २०२३ ही मुदत होती, मग ती वाढवली, आणि त्यानंतरही अर्ज घेत होते. आम्ही मुदतीच्या अगदी शेवटच्या आठवड्यात दिला.

अर्ज दोन पानांचा, साधा मराठीत. पंचवीस रुपये फी. मिळकत क्रमांक (बिलावर वर असतो, पेठेचा म्हणजे भागाचा आणि खात्याचा मिळून), नाव, पत्ता, क्षेत्रफळ, स्वतः राहता का. सोबत सोसायटीचं पत्र की मालक स्वतः राहतात, आणि मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, गॅस कार्ड, रेशन कार्ड यातलं काहीतरी ज्यावर या घराचा पत्ता आहे. पुण्यात दुसरं घर असेल तर त्याच्या बिलाची प्रत. बस. याच्यापेक्षा जास्त कागद तर सिमकार्डला लागतात कधीकधी.

आमचं अडलं ते पत्त्यावर. माझ्या लायसन्सवर अजून सदाशिव पेठ, नवऱ्याच्या पासपोर्टवर सातारा, गॅस मात्र नव्या पत्त्यावर घेतलेला होता म्हणून वाचलो. तुम्ही नवीन घरात गेला असाल तर हे आधी करा, गॅसचं नाहीतर मतदार यादीचं, कारण ऐन वेळी पत्ता बदलून मिळत नाही. आणि बिलावर अजून बिल्डरचं नाव असेल तर आधी आपलं नाव लावून घ्या, त्याला वेगळा अर्ज आहे, इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) लागतो. बिलावर ज्याचं नाव तो त्या घरात राहतो हेच तर दाखवायचंय ना, बिल्डर थोडाच तुमच्या घरात राहतो.

मी अर्ज महापालिकेच्या आमच्या भागातल्या संपर्क कार्यालयात नेऊन दिला. शनिवारची सकाळ, रांगेत पंचवीसेक माणसं, त्यातली निम्मी साठीच्या पुढची, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि त्यात सगळ्या वर्षांची बिलं. काउंटरवरच्या ताई प्रत्येकाचे कागद स्वतः लावून घेत होत्या, माझ्यापुढच्या आजोबांनी सोसायटीच्या पत्रावर शिक्का आणला नव्हता तर त्यांना परत न पाठवता अर्जावर तशी नोंद करून घेतली आणि सोमवारी शिक्क्याचं पत्र आणून द्या म्हणाल्या. माझा नंबर आल्यावर चार मिनिटं लागली असतील. पोच दिली, तारखेचा शिक्का मारून. ती पोच मी अजून फाइलमध्ये ठेवलीये आणि तुम्हीही ठेवा, फोटो काढून ठेवा, कारण पुढे काहीही विचारायचं झालं तरी तीच लागते. पुढे एक दिवस पाहणीलाही एक जण येऊन गेले, कोण राहतं विचारलं, दारावरची पाटी बघितली, गेले.

मग पुढच्या बिलात सवलत लागलेली दिसली. आणि २०२० पासून तीन वर्षं जे जास्तीचे भरले होते, आमचे साधारण १८ हजार, ते परत खात्यात येत नाहीत हे लक्षात घ्या, ते पुढच्या चार वर्षांच्या बिलांत सारखे वाटून वळते होतात. म्हणजे आमचं नऊ हजारांचं बिल त्यातून साडेचार हजार जाऊन साडेचारवर आलं. मी स्क्रीनवर तो आकडा बघितला आणि पहिल्यांदा बाबांना फोन केला. ते म्हणाले, "बघ, बोट फिरवून वाचायला पाहिजे बिल."

आता आमच्या शेजारच्या काकूंचं सांगते, कारण हा रिव्ह्यू लिहायचं खरं कारण त्या आहेत. काका गेले २०२१ मध्ये. मुलगा बंगलोरला. काकू एकट्या राहतात, पेन्शनवर. बिल नियमित भरतात, एक दिवस उशीर नाही, कारण उशीर झाला की महिन्याला २ टक्के शास्ती म्हणजे दंड लागतो हे त्यांना काकांनी सांगून ठेवलेलं. त्यांच्याकडे एक एजंट आला होता, सवलत करून देतो म्हणून १,५०० रुपये आणि कागदांच्या प्रती घेऊन गेला. पोच मागितली तर मॅडम काम होऊन जाईल म्हणाला. मी माझं बिल दाखवायला गेले तेव्हा त्यांनी त्यांचं काढलं, तर सवलत नाही. एजंटचा फोन लागेना. काकू मला म्हणाल्या, "जाऊ दे गं, माझ्याच नशिबात असेल." मला ते ऐकवलं नाही. नशिबाचा काय संबंध, पंचवीस रुपयांचा अर्ज आहे.

शिवाय बिल अजून काकांच्या नावावर होतं. मग आम्ही आधी नाव लावून घेण्याचा अर्ज केला, काकांचा मृत्यू दाखला, सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर केलेली नोंद, हे सगळं जोडलं, आणि मग पीटी-३. दोन खेपा झाल्या. काकू स्वतः आल्या, रिक्षाने, सही करताना त्यांचा हात थरथरत होता आणि काउंटरवरच्या माणसाने त्यांना आत खुर्चीवर बसवून कागद तिथे आणून दिला. सवलत लागली. त्यानंतर आमच्या सोसायटीत मी आणि दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा, आम्ही दोन रविवार खालच्या हॉलमध्ये टेबल टाकून बसलो आणि सतरा घरांचे अर्ज भरले. सेक्रेटरी काकांनी आधी पत्रं द्यायला टाळाटाळ केली, जबाबदारी कोण घेणार म्हणून, पण प्रत्येक घरात कोण राहतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असतं, शेवटी त्यांनी एका दिवसात सगळ्यांवर सह्या केल्या आणि शिक्के मारले.

दोन-तीन गोष्टी लोक हमखास विचारतात. घर भाड्याने दिलं तर सवलत नाही, ती राहत्या मालकालाच आहे, आणि आज तुम्ही राहता म्हणून घेतली आणि उद्या भाडेकरू ठेवला तर तसं कळवायला पाहिजे, खोटं लिहून देऊ नका, फरक शास्तीसकट बसू शकतो. दोन फ्लॅट आहेत, एकात राहता, एक रिकामा, तर राहता त्यालाच मिळणार. आणि ही ४० टक्के सवलत वेगळी आणि मुदतीत बिल भरलं की मिळणारी सूट वेगळी, ती फक्त सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के असते, करपात्र रकमेप्रमाणे. दोन्ही मिळतात. सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं यालाही सवलत आहे पण ती सोसायटीने मिळून करायची गोष्ट, त्यावर वेगळं लिहावं लागेल. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांच्यासाठी राज्याची वेगळी करमाफी आहे, तिला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. आमच्या बी विंगमधल्या सुभेदार काकांना तीही माहीत नव्हती!

मुंबईतल्या नातेवाईकांचं ऐकून आपलं ठरवू नका. माझ्या नणंदेचा दहिसरला छोटा फ्लॅट आहे, ती म्हणते आम्हाला काही भरावंच लागत नाही. बरोबर आहे, तिकडे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर पूर्ण माफ आहे, पण तिथे प्रश्न क्षेत्रफळाचा आहे, तुम्ही स्वतः राहता का हा नाही, आणि तिथला कर घराच्या भांडवली मूल्यावर, म्हणजे किमतीवर लागतो. पुण्यात उलटं, घर केवढंही असो, राहता का ते बघतात. मला स्वतःला पुण्याची पद्धत जास्त पटते, कारण पाच फ्लॅट घेऊन भाड्याने देणारा आणि आयुष्यभराचं कर्ज काढून एकच घर घेणारा यांना एका मापात तोलू नये. पण ५०० फुटांच्या आतल्या घरातल्या माणसाला मुंबईसारखी पूर्ण माफी इथेही असावी असंही वाटतं.

मावसभाऊ अमेरिकेत टेक्सासला आहे, त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला आमच्याकडे पण असंच. तिकडे त्याला होमस्टेड एक्झेम्प्शन म्हणतात. कर घराच्या किमतीवर, आणि स्वतः राहत असाल तर शाळांसाठीच्या कराचा हिशोब करताना किमतीतून ठरावीक रक्कम वजा करतात, २०२३ मध्ये ती ४० हजार डॉलरची १ लाख झाली आणि २०२५ मध्ये १ लाख ४० हजार. तिथेही आपोआप नाही, अर्ज करायचा, लायसन्सवरचा पत्ता त्याच घराचा पाहिजे, आणि अर्ज फुकट आहे तरी पैसे द्या आम्ही भरून देतो अशी पत्रं घरी येतात. एजंट सगळीकडे सारखेच दिसतात. त्याने स्वतः भरला, अर्ध्या तासात झालं म्हणाला.

तर एक स्टार कशासाठी कापला. सवलत परत द्यायचं ठरलं तेव्हा ती अर्जावर ठेवली यासाठी. ज्या घरांची काढली होती त्यांची यादी तर होतीच, मग त्यांना सरळ लावून, राहत नसाल तर कळवा असं म्हणता आलं असतं. रांगेतली ती म्हातारी माणसं बघितली आणि हेच मनात आलं. जो पेपर वाचतो, ज्याची मुलं जवळ आहेत, ज्याची सोसायटी जागी आहे त्याला मिळालं, आणि काकूंसारखी एकटी बाई मागे राहिली, जिला त्या पैशाची सगळ्यात जास्त गरज. काउंटरवरच्या लोकांबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्यांनी शनिवारीसुद्धा बसून काम केलं, चार स्टार त्यांचेच आहेत.

तुमच्या बिलावर सवलत लागलीये की नाही ते आज बघा, ऑनलाइन मिळकत क्रमांक टाकला की बिल दिसतं. शेजारी कुणी वयस्कर असतील तर त्यांचंही बघा. आणि सोसायटीच्या पत्रात काय लिहायचं असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून आम्ही लिहिलं होतं ते खाली देते, लेटरहेडवर घ्या, तारीख टाका, सेक्रेटरी किंवा चेअरमनची सही आणि गोल शिक्का विसरू नका:

"दाखला देण्यात येतो की आमच्या संस्थेतील सदनिका क्रमांक ___ , मिळकत क्रमांक ___ , या सदनिकेचे मालक श्री./श्रीमती ___ हे/ह्या स्वतः कुटुंबासह दिनांक ___ पासून आजतागायत सदर सदनिकेत राहत असून ती भाड्याने दिलेली नाही. सदर दाखला मिळकतकरातील सवलतीसाठी त्यांच्या विनंतीवरून दिला आहे."